झ्युरिक दर महिन्याला का बिघडते: चिन्हांकित रोमन अक्षरांच्या एन्कोडिंगमधील चूक शोधणे आणि थांबवणे

जगातील शहरांच्या नावांची एक सूची सांभाळण्याचे काम काही काळ माझ्याकडे होते. दर महिन्याला नव्या नोंदींची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर) येत असे, ती डेटाबेसमध्ये भरली जाई, आणि भरून झाल्यावर काही नावांमध्ये भलतीच चिन्हे उमटलेली आढळत. झ्युरिक हे नाव मूळ जर्मन लेखनात यू या अक्षरावर दोन टिंबे देऊन लिहितात. त्या एका अक्षराच्या जागी, डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला मोठा ए आणि त्याच्या पाठोपाठ पाव भागाची खूण अशी दोन चिन्हे येत. साओ पाउलोमध्ये ब्रिटिश पाउंडाची खूण शिरलेली असे, माल्मोमध्ये परिच्छेदाची. मी प्रत्येक वेळी ‘शोधा आणि बदला’ या सोयीने ती चिन्हे काढून योग्य अक्षरे घालत असे आणि पुढच्या महिन्यात तोच दोष पुन्हा समोर येई.

दोष परत परत येत होता, याचे कारण मी तो चुकीच्या जागी दुरुस्त करत होतो. फाइलमध्ये अक्षरे नसतात, बाइट असतात, म्हणजे ० ते २५५ मधील संख्या. कोणत्या बाइटला कोणते अक्षर म्हणायचे हे एखादा तक्ता, म्हणजेच एन्कोडिंग, ठरवतो. लिहिणाऱ्याने एक तक्ता वापरला आणि वाचणाऱ्याने दुसरा, की अशी चिन्हे उमटतात. या प्रकाराला ‘मोजिबाके’ हा जपानी शब्द जगभर रूढ झाला आहे. चुकीचे वाचन नेमके कोणत्या टप्प्यावर होते ते सापडेपर्यंत अक्षरे बदलत बसण्याचा काहीही उपयोग होत नाही, उलट नुकसान वाढण्याची शक्यता असते.

एकच बाइट, अनेक तक्ते

१९६३ मध्ये प्रथम ठरलेल्या आणि १९६७ मध्ये लहान अक्षरे सामावून घेणाऱ्या आस्की या मानकात ७ बिट वापरून १२८ संकेत मिळतात. त्यांत इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली, परंतु दोन टिंबांचा यू किंवा तिरक्या रेघेचा ई यांना जागा उरली नाही. बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे १२८ ते २५५ हे वरचे संकेत मोकळे होते आणि ते प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे भरले. १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या मानकाने, म्हणजेच लॅटिन-१ ने, पश्चिम युरोपातील भाषांची अक्षरे घेतली. लॅटिन-२ ने पोलिश, चेक, हंगेरियन यांची घेतली. तुर्कीसाठी लॅटिन-५ करताना लॅटिन-१ मधील सहा आइसलँडिक अक्षरे काढून त्या जागी तुर्की अक्षरे बसवण्यात आली. विंडोजने लॅटिन-१ मधल्या रिकाम्या पट्ट्यात आणखी २७ चिन्हे घालून १२५२ या क्रमांकाचा तक्ता तयार केला. मॅकचा तक्ता याहून वेगळा होता आणि विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचे ४३७ व ८५० हे तक्ते आणखी वेगळे. आस्कीचा खालचा भाग मात्र या सगळ्यांत सारखाच राहिला, आणि म्हणूनच ही चूक इतकी फसवी ठरते: नावातील बाकीची सर्व अक्षरे नीट दिसतात, बिघडते ते फक्त चिन्हांकित अक्षर, आणि साध्या इंग्रजी मजकुरावर घेतलेली चाचणी काहीच उघड करत नाही.

१९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. दोन टिंबांच्या यूचा क्रमांक २५२, म्हणजे यू+००एफसी. क्रमांक एक झाला तरी तो बाइटमध्ये कसा लिहायचा हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे आज सर्वाधिक चालणारे उत्तर म्हणजे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेले यूटीएफ-८. त्याची रचना समजून घेतली की पुढचे निदान सोपे होते. आस्कीचे १२८ संकेत एकाच बाइटमध्ये जसेच्या तसे राहतात. त्यापुढील १९२० अक्षरांसाठी दोन बाइट लागतात. त्यांतला पहिला ११० या बिटांनी सुरू होतो, दुसरा १० ने, आणि उरलेल्या जागेत अक्षराचा क्रमांक विभागून भरला जातो. २५२ चे बिट ११११११०० असे आहेत. त्यांपैकी शेवटचे सहा दुसऱ्या बाइटमध्ये जातात आणि उरलेले दोन पहिल्यात, त्यामुळे ११००००११ आणि १०११११०० हे दोन बाइट तयार होतात. हेक्साडेसिमल लेखनात, ज्यात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून येतात, त्यांना सी३ आणि बीसी असे म्हणतात.

आता हे दोन बाइट १२५२ च्या तक्त्यात शोधून पाहावेत. सी३ म्हणजे लाटेसारख्या रेघेचा मोठा ए, बीसी म्हणजे पाव भागाची खूण. माझ्या सूचीत नेमके हेच उमटत होते. युनिकोडमधील १९२ ते २५५ या क्रमांकांच्या सर्व अक्षरांचा यूटीएफ-८ मधील पहिला बाइट सी३ हाच असतो, म्हणून फ्रेंच असो, स्पॅनिश असो वा स्वीडिश, बिघडलेल्या मजकुरात तोच लाटेचा ए पुन्हा पुन्हा दिसतो.

आधी बाइट पाहावेत

पडद्यावर जे दिसते ते शेवटच्या प्रोग्रामने लावलेला अर्थ असतो. त्यावर विसंबून दुरुस्ती सुरू करू नये. लिनक्स आणि मॅकवर एक्सएक्सडी किंवा हेक्सडम्प, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये फॉरमॅट-हेक्स, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हेक्स हे फंक्शन, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत बायनरी प्रकारे उघडलेली फाइल, यांपैकी कोणतेही साधन चालेल. एकच बिघडलेले नाव निवडावे आणि त्याचे बाइट कागदावर लिहून घ्यावेत.

झ्युरिकच्या बाबतीत काय काय आढळू शकते ते पाहू. शब्दाची सुरुवात ५ए ने होते आणि शेवट ७२ ६९ ६३ ६८ या चार बाइटनी होतो. हा भाग आस्कीतला असल्यामुळे तो कधीच बदलत नाही. मधल्या जागी सी३ बीसी असेल तर मजकूर शुद्ध यूटीएफ-८ आहे आणि दोष केवळ दाखवणाऱ्या प्रोग्रामचा आहे; डेटाला हातही लावू नये. मध्ये एकटा एफसी असेल तर मजकूर लॅटिन-१ किंवा १२५२ मधला आहे. एकटा ९एफ हा जुन्या मॅकच्या तक्त्याचा निदर्शक आहे, एकटा ८१ डॉसच्या तक्त्याचा. सी३ ८३ सी२ बीसी असे चार बाइट आढळले तर यूटीएफ-८ मजकूर एकदा चुकीने १२५२ समजून वाचला गेला आणि ते चुकीचे वाचन पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले गेले, म्हणजे दुहेरी एन्कोडिंग झाले आहे. हा अपघात पुन्हा घडला की चाराचे आठ बाइट होतात, त्यामुळे कचरा जितका लांब तितक्या वेळा ही चूक झालेली असते. ईएफ बीएफ बीडी किंवा ३एफ आढळणे ही सर्वांत वाईट स्थिती, कारण तिथे मूळ अक्षर नष्ट झालेले आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

बाइट पाहणे शक्य नसेल, उदाहरणार्थ कोणी केवळ पडद्याचे छायाचित्र पाठवले असेल, तर दिसणाऱ्या चिन्हांवरूनही बराच अंदाज बांधता येतो. पोलंडमधील वूच हे शहर यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्याच्या चार अक्षरी रोमन नावात तीन अक्षरे चिन्हांकित आहेत: आडवी छेदरेघ असलेला एल, तिरक्या रेघेचा ओ, साधा डी आणि तिरक्या रेघेचा झेड. हे नाव लॅटिन-१ मध्ये लिहिण्याचा प्रयत्न झाला तर पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि ओ मात्र शाबूत राहतो, कारण त्या तक्त्यात तिरक्या रेघेचा ओ आहे आणि उरलेली दोन अक्षरे नाहीत. हेच नाव लॅटिन-२ मध्ये लिहून लॅटिन-१ म्हणून वाचले तर एलच्या जागी पाउंडाची खूण आणि झेडच्या जागी पाव भागाची खूण दिसते. विंडोजच्या १२५० या मध्य युरोपीय भाषांच्या तक्त्यात लिहून १२५२ म्हणून वाचले तर पाउंडाची खूण तशीच राहते, परंतु शेवटी दोन टिंबांचा मोठा वाय येतो. एका नावावरून दोन जवळजवळ सारखे तक्ते वेगळे ओळखता येतात.

विंडोजच्या कमांड खिडकीत चौकटीच्या रेघा दिसत असतील तर यूटीएफ-८ चे बाइट डॉसच्या तक्त्याने वाचले जात आहेत, कारण तिथे सी३ या बाइटचा अर्थ चौकटीचा तुकडा असा आहे. खिडकीचा तक्ता ६५००१ वर, म्हणजे यूटीएफ-८ वर, आणल्यास हे बहुधा थांबते आणि डेटामध्ये काही बिघाड नसतो. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसत असेल तर ते अक्षर त्या फॉन्टमध्ये नाही. हा एन्कोडिंगचा दोष नव्हे. केवळ मोठ्या नावांच्या अगदी शेवटी बिघाड दिसत असेल तर कुठेतरी मजकूर अक्षरांऐवजी बाइट मोजून कापला जात आहे आणि दोन बाइटच्या अक्षराचा पहिला अर्धाच उरला आहे. फाइलच्या अगदी सुरुवातीला दोन टिंबांचा आय, उजवे दुहेरी कोनी अवतरणचिन्ह आणि उलटे प्रश्नचिन्ह अशी तीन चिन्हे दिसली तर तो बीओएम आहे, म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण म्हणून सुरुवातीला ठेवलेले ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट, आणि ते १२५२ म्हणून वाचले जात आहेत.

काळ्या चौकोनी हिऱ्यातील पांढरे प्रश्नचिन्ह उलट दिशेची चूक सांगते. लॅटिन-१ मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचला की असे होते. स्पेनमधील मालागाच्या नावात लॅटिन-१ नुसार ई१ हा बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये ई१ म्हणजे ‘पुढे आणखी दोन जोडबाइट येत आहेत’ असे वचन असते, आणि पुढे साधा एल येतो. वाचणारा प्रोग्राम ते वचन मोडलेले पाहून यू+एफएफएफडी हे बदली चिन्ह ठेवतो. मूळ फाइल अजून हाताशी असेल तर काहीच बिघडलेले नाही, योग्य तक्ता सांगून ती पुन्हा वाचावी. परंतु या स्थितीत फाइल जतन केली तर बदली चिन्हाचे ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट मूळ ई१ च्या जागी कायमचे लिहिले जातात. तिथे पूर्वी कोणते अक्षर होते हे त्यानंतर कोणतेही साधन सांगू शकत नाही. म्हणून हिरा दिसताच जतन करण्याचे बटण दाबू नये, एवढी एक सूचना मी सोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून देतो.

चूक कोणत्या सीमेवर होते

मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जातो त्या प्रत्येक ठिकाणी एक सीमा असते आणि तक्त्याची अदलाबदल तिथेच होते. फाइल आली तेव्हाची प्रत, भरण्यापूर्वीची प्रत, डेटाबेसमधील ओळ, पानाला मिळालेला मजकूर, अशा प्रत्येक टप्प्यावर त्याच एका नावाचे बाइट पाहावेत. ज्या दोन टप्प्यांमध्ये सी३ बीसीचे सी३ ८३ सी२ बीसी होतात, त्यांच्या मधली सीमा दोषी.

माझ्या बाबतीत आलेली फाइल निर्दोष यूटीएफ-८ होती आणि डेटाबेस जोडणीही योग्य होती. आठवडाभर मी विनाकारण त्याच जोडणीवर संशय घेत होतो. मधल्या टप्प्यात एक सहकारी ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून रिकाम्या ओळी काढून टाकत असे. फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली की त्या प्रोग्रामने, बीओएम नसल्यामुळे, संगणकाचा ठरलेला १२५२ हा तक्ता गृहीत धरला. आणि जतन करताना मात्र ‘यूटीएफ-८ सीएसव्ही’ हा पर्याय काळजीपूर्वक निवडला गेला. दुहेरी एन्कोडिंग तयार होण्यास एवढे पुरेसे होते. त्या सहकाऱ्याची यात चूक नव्हती, कारण योग्य दिसणारा पर्यायच निवडला गेला होता. उपाय म्हणून फाइल दोनदा क्लिक करून उघडण्याऐवजी मजकूर आयात करण्याच्या सोयीने उघडणे आणि तिथे यूटीएफ-८ स्वतः निवडणे, किंवा पाठवणाऱ्याला बीओएमसह फाइल द्यायला सांगणे, हे दोन मार्ग होते. दुसरा मार्ग सोपा वाटतो. पण मग फाइल वाचणाऱ्या आपल्या प्रोग्रामला तो बीओएम ओळखून बाजूला काढता आला पाहिजे, नाहीतर पहिल्या स्तंभाच्या नावाला ते तीन बाइट चिकटतात आणि ‘असा स्तंभ नाही’ अशी गोंधळात टाकणारी तक्रार येते. पायथॉनमध्ये यासाठी यूटीएफ-८-सिग असे वेगळे नाव आहे.

इतर सीमांविषयी थोडक्यात. वेबपानाच्या बाबतीत सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या हेडरमधील तक्त्याची घोषणा पानातील मेटा घोषणेवर मात करते, आणि मेटा घोषणा फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावी लागते. पानात यूटीएफ-८ लिहिलेले असूनही बिघाड दिसत असेल तर प्रथम हेडर पाहावे. ब्राउझर ‘आयएसओ ८८५९-१’ ही घोषणा १२५२ अशीच वाचतात, त्यामुळे या दोन नावांत फरक करण्याचा प्रयत्न तिथे निष्फळ ठरतो. जावामध्ये आवृत्ती १८ पासून मूळ तक्ता यूटीएफ-८ आहे, त्याआधी तो संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असे. तोच प्रोग्राम एका यंत्रावर नीट चालतो आणि दुसऱ्यावर बिघडतो याचे कारण अनेकदा इथे सापडते. झिप फाइलमध्ये यूटीएफ-८ ची खूण असलेला बिट लावलेला नसेल तर आतील नावे डॉसच्या ४३७ मधली मानली जातात.

मायएसक्यूएलविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. तिथे यूटीएफ८ नावाचा जुना प्रकार केवळ तीन बाइटपर्यंतची अक्षरे साठवतो आणि पूर्ण यूटीएफ-८ साठी यूटीएफ८एमबी४ वापरावे लागते, हे खरे आहे आणि नव्या कामात तेच वापरावे. परंतु युरोपातील भाषांची बहुतेक चिन्हांकित अक्षरे दोन बाइटमध्ये आणि व्हिएतनामी अक्षरे फार तर तीन बाइटमध्ये बसतात, त्यामुळे झ्युरिक बिघडल्यावर ‘स्तंभाचा प्रकार बदला’ हा वारंवार दिला जाणारा सल्ला मूळ दोषाला स्पर्शही करत नाही. तिथे तपासायची असते ती जोडणी: क्लायंटने, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रोग्रामने, जोडताना लॅटिन१ सांगितले आणि प्रत्यक्षात यूटीएफ-८ चे बाइट पाठवले, तर सर्व्हर त्यांचे इमानाने पुन्हा रूपांतर करतो आणि दुहेरी एन्कोडिंग साठवतो. वाचतानाही तीच चुकीची जोडणी असेल तर उलट रूपांतर होऊन सारे ठीक दिसते, आणि एखाद्या दिवशी कोणी जोडणी योग्य केली की जुन्या सर्व नोंदी एकदम बिघडलेल्या दिसू लागतात. अशा वेळी जोडणी पुन्हा पूर्वीसारखी चुकीची करण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात.

साठवलेल्या नोंदींची दुरुस्ती

सीमा दुरुस्त होण्यापूर्वी नोंदींना हात लावू नये, आणि पूर्ण प्रत काढून ठेवल्याशिवाय तर मुळीच नाही. दुहेरी एन्कोडिंग उलटवण्याची कृती तत्त्वतः साधी आहे: मजकूर १२५२ मध्ये लिहावा म्हणजे मूळ बाइट परत मिळतात, आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. मायएसक्यूएलमध्ये हेच करताना स्तंभ लॅटिन१ मध्ये रूपांतरित करून तो निकाल निव्वळ बायनरी म्हणून धरतात आणि मग यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचतात. पायथॉनमध्ये एफटीएफवाय नावाची लायब्ररी हे काम पुष्कळ समंजसपणे करते.

सूचीतील काही नोंदी बिघडलेल्या आणि काही नीट असतात, त्यामुळे सरसकट सर्व ओळींवर ही कृती चालवल्यास नीट असलेल्या ओळी धोक्यात येतील अशी भीती रास्त आहे. इथे यूटीएफ-८ ची काटेकोर रचना आपल्या मदतीला येते. नीट साठवलेले झ्युरिक १२५२ मध्ये लिहिले की एफसी हा एकटा बाइट मिळतो आणि तो यूटीएफ-८ म्हणून वैध नाही, त्यामुळे वाचन तिथेच थांबते. नियम असा ठेवावा की वाचन यशस्वी झाले तरच ओळ बदलावी, अपयशी ठरले तर ती आहे तशीच सोडावी. वाचन काटेकोर असले पाहिजे. चुका गिळून पुढे जाणारा पर्याय निवडला तर हा सगळा बचाव निकामी होतो. कचरा आठ बाइटचा असेल तर कृती पुन्हा करावी आणि ती अपयशी ठरेल तेव्हा थांबावे.

तरीही दोन ठिकाणी ही कृती अडते, आणि ती ठिकाणे माहीत नसल्यामुळे माझ्या काही नोंदी पहिल्या फेरीत सुटल्या होत्या. १२५२ च्या तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच बाइट रिकामे आहेत. स्पेनमधील आविलाचे पहिले अक्षर, तिरक्या रेघेचा मोठा ए, यूटीएफ-८ मध्ये सी३ ८१ असे असते. त्यातील ८१ ला १२५२ मध्ये काहीच अर्थ नसल्यामुळे काही प्रोग्राम तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात, काही तो बाइट वगळतात, आणि पायथॉनचा १२५२ चा तक्ता चूक दाखवून थांबतो. मायएसक्यूएल आणि ब्राउझर हे पाच बाइट त्याच क्रमांकाची नियंत्रणचिन्हे म्हणून जपतात, म्हणून तिथे परतीचा रस्ता उघडा राहतो. दुसरे ठिकाण अधिक कपटी आहे. स्पेनमधील शातिवा या शहराच्या व्हॅलेन्सियन भाषेतील नावातील उलट्या तिरक्या रेघेचा ए म्हणजे सी३ ए०, आणि १२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ती डोळ्यांना साध्या जागेसारखीच दिसते, एखादा नीटनेटका प्रोग्राम तिच्याऐवजी साधी जागा घालतो किंवा ती शब्दाच्या शेवटी असेल तर छाटून टाकतो, आणि मग बाइटची जोडी तुटते. लाटेच्या एनंतर साधी जागा असलेल्या ओळी वेगळ्या काढून त्या डोळ्यांनी तपासाव्यात.

बदली चिन्ह किंवा साधे प्रश्नचिन्ह साठवलेल्या नोंदींसाठी मूळ स्रोताकडे परत जाण्याखेरीज मार्ग नाही. अंदाजाने अक्षर भरणे मला मान्य नाही. एन वरची लाट किंवा सीखालची शेपटी हा नावाचा अलंकार नसतो, ते त्या भाषेतले वेगळे अक्षर किंवा वेगळा उच्चार असतो, आणि ज्याचे ते नाव आहे त्याने ते तसे लिहिलेले असते. याच कारणासाठी ‘सगळी चिन्हे काढून साधी अक्षरे ठेवा’ या उपायालाही माझा विरोध आहे. शोधण्याच्या सोयीसाठी साध्या अक्षरांचा एक वेगळा स्तंभ ठेवावा, परंतु मूळ नावाला धक्का लावू नये.

सारखी दिसणारी, पण न जुळणारी नावे

सीमा दुरुस्त झाली, नोंदी सुधारल्या, आणि तरीही काही महिन्यांनी सूचीत झ्युरिक दोनदा आढळले. दोन्ही नावे पडद्यावर हुबेहूब सारखी होती. बाइट पाहिल्यावर एका नावात सी३ बीसी होते आणि दुसऱ्यात ७५ सीसी ८८, म्हणजे साधा यू आणि त्यापाठोपाठ स्वतंत्रपणे लिहिलेली दोन टिंबे, यू+०३०८. युनिकोडमध्ये दोन्ही लेखने वैध आहेत आणि समान मानली जातात, पण बाइटची तुलना करणाऱ्या प्रोग्रामला ती दोन वेगळी नावे वाटतात. मराठीत लिहिणाऱ्यांच्याही वाट्याला हे येऊ शकते: ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये यू+०९३१ असा एकसंध आहे आणि र व नुक्ता अशा जोडीनेही लिहिता येतो, आणि एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे रूप सापडत नाही.

सुटे रूप आले कुठून? काही नव्या नोंदी छायाचित्रांच्या फाइलनावांवरून तयार केल्या होत्या, आणि मॅकची एचएफएस प्लस ही जुनी फाइलव्यवस्था नावे सुट्या रूपात साठवते. उपाय एकच आहे: मजकूर आत येताच त्याचे एनएफसी या एकसंध रूपात सामान्यीकरण करावे, आणि त्यानंतरच तुलना, शोध किंवा दुहेरी नोंदींची तपासणी करावी. प्रत्येक प्रमुख प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ लायब्ररीत किंवा तिच्या जोडीला ही सोय असते.

सामान्यीकरणाकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नये. वूचमधील छेदरेघेचा एल किंवा डॅनिशमधील छेदरेघेचा ओ यांचे सुटे रूप युनिकोडमध्ये नाहीच, त्यामुळे ‘सुटे करा आणि चिन्हे गाळा’ अशा पद्धतीने साध्या अक्षरांचा शोधस्तंभ बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती जशीच्या तशी राहतात. त्यांच्यासाठी हाताने जोड्या द्याव्या लागतात. रोमानियातील याश शहराच्या नावात एसखाली स्वल्पविराम असतो, यू+०२१९. १९९९ च्या युनिकोड ३.० पर्यंत हे अक्षर वेगळे उपलब्ध नव्हते आणि त्याऐवजी तुर्कीतील शेपटीचा एस, यू+०१५एफ, वापरला जाई. जुन्या फाइलमध्ये तो अजूनही आढळतो, आणि ही दोन भिन्न अक्षरे असल्यामुळे सामान्यीकरण त्यांना एकत्र आणत नाही. रोमानियन नावांपुरती ही बदलाबदल वेगळी करावी, तुर्की नावांना ती लागू करू नये.

पुन्हा घडू नये म्हणून

आता फाइल वाचताना आणि लिहिताना प्रत्येक ठिकाणी तक्त्याचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, प्रोग्रामच्या गृहीतकावर काहीही सोपवलेले नाही. वाचन काटेकोर आहे, म्हणजे अवैध बाइट आढळताच भरणी तिथेच थांबते आणि ओळीचा क्रमांक व ते बाइट कळवते. याशिवाय पाठवणाऱ्याशी ठरवून फाइलच्या पहिल्या नोंदीत एक पहाऱ्याची ओळ ठेवली आहे. तिच्यात झ्युरिक, वूच, आविला, शातिवा आणि याश ही पाच नावे मूळ लेखनात असतात, आणि भरणीपूर्वी प्रोग्राम त्या ओळीचे बाइट ठरलेल्या बाइटशी ताडून पाहतो. लॅटिन-१ मधून आलेली फाइल वूच आणि याशपाशी अडते, १२५२ मध्ये बाइट गळाले तर वूच आणि आविलापाशी, मोकळ्या जागा छाटल्या गेल्या तर शातिवापाशी, जुने रोमानियन अक्षर आले तर फक्त याशपाशी, आणि दुहेरी एन्कोडिंग झाले असेल तर पाचही नावे एकदम चुकतात, त्यामुळे नुसत्या अपयशाच्या जागेवरून कोणती सीमा तपासायची ते कळते. फाइलनावांवरून आलेल्या सुट्या रूपाच्या ओळी या पहाऱ्यातून निसटतात, कारण पहाऱ्याची ओळ स्वतः एकसंध रूपात टंकलेली असते. म्हणून एनएफसी सामान्यीकरण फाइलमधील प्रत्येक ओळीवर स्वतंत्रपणे चालते, आणि ज्या ओळी त्याने बदलल्या त्यांची यादी भरणीच्या नोंदवहीत लिहिली जाते.